चेंडू उलटा फिरतो म्हणून लांब जातो

जुन्या सांगवीच्या कडेने पवना येते आणि मुळेत शिरते. तीच मुळा पुढे संगमावर मुठेला भेटून येरवड्याच्या अंगाने निघून जाते. त्या येरवड्यात पूना क्लबचं अठरा होलचं गोल्फ मैदान आहे. दुसऱ्या बाजूला, बावधन-लवळ्याच्या टेकड्यांवर ऑक्सफर्डचं आणखी एक. सांगवीहून दोन्ही काही फार दूर नाहीत, पण आपल्याकडे हा खेळ साहेबलोकांचा म्हणूनच ओळखला जातो, आणि एका ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या दांड्याची, किंमत ऐकली की त्यात चूक आहे असंही वाटत नाही. तरी त्यातली एक गोष्ट भोसरी-चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाला क्लबच्या मेंबरपेक्षा लवकर कळेल. कारण तिचं माप आरपीएममध्ये आहे.

टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला चेंडू ड्रायव्हरने मारला की तो पुढे जाता जाता उलटा फिरतो. त्याची वरची बाजू मारणाऱ्याकडे येते, खालची पुढे जाते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या पुरुषांच्या ड्राइव्हमध्ये ही फिरकी सरासरीने मिनिटाला 2700 फेऱ्यांच्या आसपास असते. लेथचा चक या वेगाने फिरत असेल तर त्याचे जबडे वेगळे दिसत नाहीत, नुसती एक धूसर कडी दिसते. चेंडू हवेत सहा-सात सेकंद राहतो आणि तेवढ्यात अडीचशेहून जास्त गिरक्या घेतो. गंमत म्हणजे ही सगळी फिरकी त्याला मिळते ती ड्रायव्हरचं तोंड त्याला चिकटलेलं असताना, आणि ते चिकटलेलं असतं सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरतं. नंतर खेळाडूने कितीही मान वाकडी केली तरी चेंडूला त्याचं काही नसतं.

फिरकी अंतर खाते, हा समज जुना आहे आणि आजही टिकून आहे. एडिनबर्गचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी 1890च्या दशकात तो मोडून काढला. त्यांची युक्ती मला चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणाऱ्या कुठल्याही लाँच मॉनिटरपेक्षा जास्त आवडते. चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधायची, चेंडू समोरच्या चिकणमातीत मारायचा आणि मग फितीला किती पीळ बसले ते बोटांनी मोजायचं. तेवढ्या अंतरात चेंडू किती फिरला, ते हातात येतं. त्यातून टेट यांनी दाखवलं की उलट्या फिरकीमुळेच चेंडू हवेत तरंगत राहतो आणि लांब जातो. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 साली ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकला, म्हणजे घरात प्रयोगाला माणूसही तयार होता.

तरंगतो कसा? फिरणारा चेंडू त्याला घासून जाणाऱ्या हवेला मागच्या बाजूने खाली वळवतो, आणि हवा खाली ढकलली की चेंडू वर ढकलला जातो. चेंडूवरचे तीन-चारशे खळगे याला मोठा हातभार लावतात. ते हवेला पृष्ठभागाशी जास्त वेळ धरून ठेवतात, त्यामुळे मागे ओढणारा जोर कमी होतो. अगदी गुळगुळीत चेंडू तितक्याच जोराने मारला तर साधारण निम्म्यावर पडतो.

आता खरी मजा. हा उचलणारा जोर फिरकीवर अवलंबून आहेच, पण त्याहून जास्त चेंडूच्या वेगावर आहे. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. टूरवरचे पुरुष ड्रायव्हर सरासरीने ताशी सुमारे 113 मैलांनी फिरवतात, चेंडू 167 मैलांनी, म्हणजे ताशी सुमारे 269 किलोमीटरने सुटतो. ढोबळ हिशेब मांडला तर सुटताना त्याला उचलणारा जोर त्याच्या वजनाच्या दीडपट येतो. म्हणून जोरकस ड्राइव्ह सुरुवातीला सरळ जायच्या ऐवजी वर चढताना दिसतो. कोणी दोरीने उचलल्यासारखा.

तोच ड्रायव्हर, तोच लॉफ्ट (म्हणजे तोंडाचा कल), पण मारणारा साठीचा हौशी मेंबर. त्याचा स्विंग ताशी 80 मैलांचा. दांड्याचा वेग कमी म्हणून चेंडूचा वेग कमी, आणि त्याच कारणाने फिरकीही कमी, कारण एकाच लॉफ्टला फिरकी वेगाच्या प्रमाणातच मिळते. दोन्हीकडून मार. हिशेब केला तर उचलणारा जोर वजनाच्या पाऊणपटीवर येतो. चेंडू चढत नाही, नुसता उशिरा पडतो. तरंगायला लागणारी फिरकी ज्याला सगळ्यात जास्त हवी, त्यालाच ती सगळ्यात कमी मिळते. निसर्ग इथे अजिबात समाजवादी नाही.

आणि नेमका हाच माणूस दुकानात जाऊन टीव्हीवरच्या खेळाडूचा नऊ डिग्रीचा, ‘लो स्पिन’ लिहिलेला ड्रायव्हर उचलतो.

ताशी 120 मैलांनी मारणाऱ्याला तो ड्रायव्हर का हवा, हे समजून घ्यायला हवं. त्याच्या चेंडूला वेगामुळेच मुबलक उचल मिळते. त्यावर 3500 फेऱ्यांची फिरकी चढली की चेंडू फुग्यासारखा वर जातो. उचल फुकट येत नाही. तिच्याबरोबर मागे ओढणारा जोरही वाढतो. वेग वर चढण्यातच खर्च होतो, चेंडू उभाच्या उभा खाली येतो आणि जमिनीवर घरंगळत जाण्याचे हक्काचे यार्डही बुडतात. म्हणून तो फिरकी दोन ते अडीच हजारांच्या घरात आणायला धडपडतो. ताशी 80 मैलवाल्याला मात्र क्लब फिट करून देणारे लोक चौदा-पंधरा डिग्रीचं उड्डाण आणि 2700 ते 3000 फेऱ्या सुचवतात. त्यात जोर वजनाच्या जवळपास पोचतो आणि चेंडू हवेत टिकतो.

पुरावा हवा असेल तर महिलांच्या टूरकडे बघावं. एलपीजीएच्या खेळाडूंचा सरासरी स्विंग ताशी 94 मैलांचा, पुरुषांपेक्षा 19 मैलांनी कमी. फिरकी मात्र जवळजवळ तेवढीच, 2600च्या वर. हे साधतं कसं? त्या चेंडूला किंचित खालून वर जाताना मारतात आणि लॉफ्ट जास्त ठेवतात, त्यामुळे चेंडू तेरा डिग्रीने सुटतो, पुरुषांचा अकराने. हवेतलं अंतर सुमारे 218 यार्ड. जवळचं उदाहरण हवं तर, टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला, पण त्या ऑगस्टमध्ये सगळा देश जागला तो बंगळुरूच्या अदिती अशोकसाठी. लांब मारणाऱ्यांत तिची गणती नव्हतीच. तरी चौथी आली आणि पदक एका फटक्याने हुकलं. हौशी माणसाने नक्कल करायची तर हिची करावी.

फिरकीचा आणखी एक खोडकर भाग ड्रायव्हरच्या तोंडावर चेंडू कुठे लागतो यात आहे. तोंडावर टाल्कम पावडर किंवा पायांसाठीचा पावडरचा स्प्रे मारावा आणि चेंडू मारून बघावा. पांढऱ्यावर चेंडूचा गोल ठसा स्वच्छ उमटतो, खळग्यांच्या नक्षीसकट. ठसा मध्याच्या थोडा वर असेल तर धक्क्याने ड्रायव्हरचं डोकं मागे कलतं आणि चेंडूची उलटी फिरकी कमी होते. चेंडू उंच सुटतो, पण कमी फिरतो. ठसा खाली असेल तर याच्या उलट: कमी उंच सुटतो आणि भरमसाट फिरतो. दोन ठशांत बोटाच्या पेराएवढंही अंतर नसतं, आणि फिरकीत शेकडो फेऱ्यांचा फरक पडतो. मशीनशॉपमध्ये काम केलेल्याला याचं नवल वाटणार नाही, क्लबच्या मेंबरला वाटतं.

पुण्याच्या हवेचा हिस्साही यात आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा मुंबईपेक्षा विरळ. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबवर जितका जातो त्याहून तोच फटका येरवड्यात सुमारे दोन टक्के पुढे पडतो. विरळ हवा ओढते कमी, तशी उचलतेही कमी, पण एकूण हिशेबात फायदा होतो. चार-पाच यार्ड. त्यावर फुशारकी मारणारे भेटतात, भेटू देत.

तेव्हा नवा ड्रायव्हर घेणार असाल तर आधी लाँच मॉनिटरवर दहा चेंडू मारून स्वतःचा स्विंग मोजून घ्या. आकडा ताशी 85 मैलांच्या खाली आला तर नऊ डिग्रीचा दांडा दुकानदाराला परत द्या आणि बारा डिग्रीचा मागा. दुकानदार थोडा हसेल. चेंडू पुढे जाईल.