संधात्याची उमेदवारी : जोडाची विद्या आणि तिचा कागद

गावाच्या वेशीवरील कमान, प्राथमिक शाळेचे फाटक, ट्रॅक्टरची ट्रॉली, ऊस वाहणारी गाडी, पाणीपुरवठ्याची पोलादी टाकी, बाजारातील दुकानाचे छप्पर. आपल्या रोजच्या पाहण्यातील या वस्तूंत एक गोष्ट समान आहे. त्या एकसंध ओतलेल्या नाहीत. लोखंडाचे कोन, नळ्या आणि पत्रे कापून, मापात बसवून व वितळवून एकत्र जोडलेल्या आहेत. हे काम करणारा कारागीर म्हणजे वेल्डर. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी परिभाषेत त्याला ‘संधाता’ म्हणतात. कापणे, वाकविणे, बसविणे आणि जोडणे या सर्व क्रिया मिळून फॅब्रिकेशनचा व्यवसाय होतो.

हा व्यवसाय आता केवळ मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या जवळजवळ प्रत्येक गावी, रस्त्याच्या कडेला फॅब्रिकेशनचे चार-दोन गाळे आढळतात आणि तेथे गावोगावची तरुण मुले काम करीत असतात. अशाच एका गाळ्यात प्रस्तुत लेखकाला एक एकोणीस वर्षांचा मुलगा भेटला. आठवी उत्तीर्ण होऊन शाळा सोडलेला हा मुलगा तीन वर्षे तेथे काम करीत होता. त्याचा हात चांगला बसलेला होता. परंतु एका मोठ्या कारखान्यात तो काम मागावयास गेला तेव्हा तेथे प्रमाणपत्र मागण्यात आले आणि त्याला परतावे लागले. तीन वर्षे तो शिकला होता. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो शिकाऊ उमेदवार कधीच नव्हता, तो ‘हेल्पर’ होता. हेल्पर आणि शिकाऊ उमेदवार यांच्यातील हा फरक गावपातळीवर फारसा कोणी समजावून सांगत नाही. तो स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

जोड वरून दिसतो तसा नसतो

वितळजोडकामाचे तत्त्व सोपे आहे. जोडावयाच्या लोखंडाला वीजयंत्राची एक तार जोडतात आणि दुसऱ्या तारेच्या टोकाला धारकात रॉड धरतात. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले, की मधल्या फटीत विद्युत् प्रज्योत निर्माण होते. तिचे तापमान ३,५०० अंश सेल्सिअसहून अधिक असते. पोलाद सुमारे १,५०० अंशांना वितळते. त्यामुळे जोडाच्या दोन्ही कडा व रॉडचे टोक एकाच वेळी वितळून एकजीव होतात. रॉडवरील लेपही जळतो. त्यातून निघणारा वायू वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो आणि वर मळीचा थर धरतो. जोड निवला, की ही मळी लहान हातोडीने ठोकून काढावयाची असते.

अडचण पुढे आहे. मळी काढल्यावर वरून सुरेख दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. वीजप्रवाह कमी पडला तर धातू कडांमध्ये न मुरता नुसता वर साचतो. प्रवाह जास्त झाला तर जोडाच्या काठाला खाच पडते. पहिल्या थराची मळी नीट न काढता दुसरा थर घातला तर ती आत अडकते. रॉड दमट असेल तर जोडात वायूची छिद्रे राहतात. जाड किंवा अधिक कणखर पोलादात तर दमट रॉडमधील हायड्रोजनमुळे काम संपल्यावर काही तासांनीही तडा जाऊ शकतो. म्हणूनच अशा कामाचे रॉड भट्टीत तापवून, सुके करून वापरतात.

शाळेच्या फाटकाचा जोड निसटला तर फार तर फाटक लोंबते. परंतु भरलेल्या ट्रॉलीचा दांडा, पाळण्याचा खांब किंवा डोक्यावरील छपराची कैची निसटली तर माणसे दगावतात. जोडाची खरी परीक्षा नजरेने होत नाही. नमुन्याचा तुकडा कापून, वाकवून वा मोडून पाहावा लागतो आणि महत्त्वाच्या कामात क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते. आपले काम असे मोडून पाहण्याची संधी गाळ्यातील हेल्परला क्वचितच मिळते. शिकाऊ उमेदवाराच्या बाबतीत मात्र तो प्रशिक्षणाचाच भाग असतो.

शिक्षणाचा क्रम

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून राबविली जात आहे. तिच्यातील संधाता हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण उमेदवारास त्यात प्रवेश मिळू शकतो. दहावीच्या अलीकडे शाळा सुटलेल्या मुलांसाठी जे थोडे मार्ग खुले आहेत, त्यांपैकी हा एक होय.

प्रशिक्षणाचा आरंभ जोडण्याने होत नाही. प्रथम कानस, छन्नी, गुण्या व पंच हाताळणे, रेषा आखणे आणि गॅसने सरळ कापणे शिकवितात. नंतर सपाट पट्टीवर एका रेषेत धातू घालण्याचा सराव येतो. रॉडचे टोक व पट्टी यांतील अंतर साधारणतः रॉडच्या तारेच्या जाडीइतके राखावयाचे, रॉडचा कोन बदलू द्यावयाचा नाही आणि हाताचा वेग एकसारखा ठेवावयाचा, या तीन गोष्टी अंगवळणी पडावयास कित्येक दिवस लागतात. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण रॉडला सुमारे ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. तो कोणत्या कामाला किती ठेवावा, हे आवाजावरून व धातूच्या डबक्यावरून ओळखता येऊ लागले, म्हणजे हात बसू लागला असे समजावे.

त्यानंतर स्थिती बदलतात. प्रथम सपाट, मग आडवी, मग उभी आणि शेवटी डोक्यावरची. डोक्यावरच्या स्थितीत वितळलेला धातू खाली ओघळू न देता वर धरून ठेवणे ही खरी कसोटी असते. नळी पंचेचाळीस अंशांत पक्की बसवून, ती न फिरविता भोवताली जोड घालणे हे त्याहूनही अवघड. तेलशुद्धीकरण, वीजनिर्मिती व जहाजबांधणीच्या कामात अशाच परीक्षा घेतल्या जातात. हाताने जोड घालणाऱ्या कारागिरांचे प्रशिक्षण व परीक्षा यांसाठी आय. एस. ८१७ हे भारतीय मानकही आहे.

पत्र्यातील गणित

शिक्षकबंधू-भगिनींनी मुद्दाम ध्यानी घ्यावे, असे या व्यवसायाचे एक अंग आहे. फॅब्रिकेशनमध्ये शाळेतील भूमिती पावलोपावली लागते. एक उदाहरण पाहू. आतून १,००० मिलिमीटर व्यासाची गोल टाकी ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून करावयाची आहे. पत्रा किती लांब कापावा? आतील व्यासाला ३.१४१६ ने गुणले तर ३,१४२ मिलिमीटर येतात. परंतु पत्रा वाकविताना त्याची आतील बाजू दबते व बाहेरील ताणली जाते. लांबी कायम राहते ती मध्यावरची. म्हणून व्यास १,००६ धरावा लागतो आणि लांबी सुमारे ३,१६० मिलिमीटर येते. फरक जवळजवळ १९ मिलिमीटरचा. तो विसरला तर टाकी लहान होते, तिचे झाकण बसत नाही आणि पत्रा वाया जातो.

वजनाचा हिशेबही असाच आहे. एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ७.८५ किलोग्रॅम भरते. म्हणजे ४ मिलिमीटर पत्र्याचे ३१.४ किलोग्रॅम. हा आकडा ठाऊक असलेला कारागीर मालाचा अंदाज स्वतः काढू शकतो आणि पुढे स्वतःचा गाळा उघडू शकतो. नववी-दहावीच्या वर्गात वर्तुळाचा परीघ शिकविताना गावातील टाकीचे उदाहरण घेतले, तर गणित आणि व्यवसाय या दोहोंचीही गोडी लागेल.

डोळे आणि श्वास

या व्यवसायातील धोक्यांची उपेक्षा सर्वत्र आढळते. प्रज्योतीतून निघणारे जंबुपार किरण उघड्या डोळ्यांवर पडले तर त्या वेळी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते व पाणी वाहते. बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवून रात्र काढणारी मुले अनेक गाळ्यांत भेटतील. एक-दोन दिवसांत बहुधा उतार पडतो आणि म्हणूनच हा त्रास किरकोळ मानला जातो. तो किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वितळजोडकामातील धूर आणि त्यातील जंबुपार किरण या दोहोंचाही समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला आहे.

साधी काळी चष्म्याची काच पुरेशी नसते. योग्य क्रमांकाच्या काचेचा, संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, चामडी हातमोजे, जाड सुती कपडे आणि बंद बूट आवश्यक आहेत. जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्या जोडताना निघणाऱ्या धुराने थंडीताप भरतो. म्हणून असे काम मोकळ्या हवेत व धूर तोंडावर न घेता करावे. ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या तोटीला तेल वा ग्रीस कधीही लावू नये. डिझेल, पेट्रोल किंवा तेल साठविलेले पिंप वरून रिकामे दिसले तरी आतील वाफेचा स्फोट होतो. ते पूर्णपणे स्वच्छ व वाफरहित केल्याची खात्री झाल्यावाचून त्याला ज्योत लावू नये. ओल्या जमिनीवर उभे राहून वा घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलणे हेही प्राणावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी, विशेषतः २०१४ मध्ये, महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले व त्यांचे प्रमाण कर्मचारीसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के ठरविले. ४ ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ही बाब ऐच्छिक आहे. तालुक्याच्या गावचा चार-पाच माणसांचा फॅब्रिकेशनचा गाळाही रीतसर नोंदणी करून उमेदवार घेऊ शकतो, हे फार थोड्या गाळेमालकांना ठाऊक असते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे करार. उमेदवार व मालक यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक करार करतात. वयाची किमान मर्यादा १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी ती १८ वर्षे आहे. करार झाल्यावर उमेदवाराला ठराविक दरापेक्षा कमी विद्यावेतन देता येत नाही. २०१९ मध्ये हे दर शिक्षणानुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले होते. त्यात बदल होत असल्याने चालू दर पाहूनच करार करावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा भार केंद्र शासनाने उचलण्याची तरतूद करण्यात आली.

शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे नगावर मजुरी ठरवून त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. मात्र कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याणविषयक तरतुदी त्यालाही लागू होतात आणि प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईचा हक्क त्याला मिळतो. प्रशिक्षणाअखेर परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र दिले जाते. प्रशिक्षण दिलेल्या मालकाने पुढे नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन मात्र कायद्यात नाही. ही गोष्ट पालकांना आधीच सांगणे इष्ट. तथापि हे प्रमाणपत्र देशभर चालते. माझगाव डॉकसारखी गोदी, रेल्वेचे कारखाने आणि राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळा ही अशा कारागिरांची कामाची क्षेत्रे आहेत.

गावपातळीवर काय करता येईल

मुख्याध्यापकांनी आठवी ते दहावीत शाळा सोडणाऱ्या मुलांची नावे नजरेसमोर ठेवून त्यांच्या पालकांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाची माहिती वेळेवर द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील किती मुले फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत हेल्पर आहेत, याची साधी यादी करावी. ग्रामपंचायतीचे काम ज्या गाळ्याला दिले जाते, त्याच्या मालकाशी उमेदवार नोंदणीविषयी बोलणे तर सहज शक्य आहे. नोंदणी केंद्र शासनाच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर होते आणि नजीकच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याबाबत मार्गदर्शन मिळू शकते. यादीतील प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारावेत : तुझा करार झाला आहे काय? तुला मुखवटा मिळतो काय? तुझी परीक्षा केव्हा आहे? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो मुलगा शिकत नाही, केवळ राबतो आहे, असे समजावे.

वर उल्लेखिलेल्या मुलाने गेल्या हंगामात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. त्याच्यापेक्षा वयाने लहान मुलांच्या शेजारी बसून, ज्या कामात तो तीन वर्षे घालवून आला त्याचे पहिले धडे तो पुन्हा गिरवितो आहे. त्याची ती वर्षे परत येणार नाहीत. त्याच्या मागून त्याच गाळ्यात आलेल्या मुलाची वर्षे मात्र अद्याप वाचविता येतील आणि त्यासाठी आरंभी हवा आहे तो एक नोंदलेला करार.