गेल्या वर्षीचा भाव, यंदाची कपाशी

खानदेशातल्या नरडाण्याच्या शिवारात जूनमध्ये कपाशी लावताना शेतकऱ्याच्या डोक्यात मागच्या हंगामाचा भाव असतो. माल निघतो दिवाळीच्या आगेमागे, आणि तोवर बाजार पालटलेला. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेवर खानदेशात घराघरांत कापूस राखून ठेवला गेला आणि भाव उतरत राहिला.

यात दोन विलंब एकत्र आहेत. लागवड ते वेचणी हा ठरलेला. दुसरा आठवणीतला, पसरट: गेल्या वर्षीचा भाव जास्त मोलाचा, त्याआधीच्या वर्षीचा त्याहून कमी, आणि मागे जावे तसे वजन घटत जाते.

हा दुसरा विलंब काय करतो? कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यांवरही हलतो, म्हणून हिशेबाला कांदा बरा. समजा, भाव हलला की गिऱ्हाइकाच्या मागणीपेक्षा पीक दीडपट जोराने हलते. शेतकऱ्याची अपेक्षा रास्त भावाहून 100 रुपयांनी जास्त निघाली, तर कांदा जास्त पिकून भाव 150 ने खाली येईल. त्या एकाच भावावर विसंबून पुढची लागवड केली, तर भाव 225 ने वर, मग 337 ने खाली. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी 1934 मध्ये या खेळाला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. पण शेतकऱ्याने जुनी अपेक्षा निम्मीच बदलली, तर 150 नंतर फरक 37, मग 9. बाजार थाऱ्यावर येतो. मार्क नेर्लोव्ह यांनी 1958 मध्ये याची अटच मांडली: भावावर पूर्ण भिस्त असेल तर पिकाचा जोर मागणीच्या एकपटीच्या आत हवा, निम्मी असेल तर तिपटीपर्यंत चालतो.

ठरलेला विलंब मात्र खोडकर. पोलंडच्या मिखाऊ कालेत्स्की यांनी 1935 मध्ये कारखान्यांच्या गुंतवणुकीत जेमतेम 0.6 वर्षाचा विलंब धरला आणि समीकरणातून दहा वर्षांची तेजी-मंदी निघाली. कपाशीचा हंगामही साधारण तेवढाच!

भारतीय शेतकरी भाव पाहून पेरत नाही, असे एके काळी बोलले जाई. अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी 1963 मध्ये पंजाबच्या कापसाचे जुने आकडे तपासून ते खोडले. क्षेत्र भावामागे जात होते, पण हळूहळू. अमेरिकन जातीच्या कापसात दीर्घकाळातला प्रतिसाद पहिल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त होता. हमीभाव वाढवून एकाच खरिपाचे क्षेत्र मोजले, तर अशा ठिकाणी अर्ध्याहून अधिक परिणाम हिशेबाबाहेरच राहतो.