मानेच्या मणक्यांतील सौम्य अस्थि-अर्बुदे : निदान आणि उपचारांचा मागोवा

सौम्य अर्बुद म्हणजे सहसा शरीरात अन्यत्र न पसरणारी गाठ, अशी व्याख्या असली, तरी मानेच्या सात मणक्यांच्या बाबतीत ‘सौम्य’ हा शब्द अपुरा पडतो. कारण या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो, त्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या वर चढतात आणि त्यामुळे येथे लहानशी गाठही जोखमीची ठरू शकते.

1935 साली न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जॅफी यांनी ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ हे स्वतंत्र अर्बुद म्हणून मांडले. तोवर अशा गाठी बहुधा हाडातील जुनाट जंतुसंसर्गात गणल्या जात. साधारण दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असलेली ही गाठ प्रोस्टाग्लॅन्डिन हे वेदनाकारक द्रव्य तयार करते, म्हणून तिचे दुखणे रात्री वाढते आणि अ‍ॅस्पिरिनने शमते. 1942 मध्ये जॅफी व त्यांचे सहकारी लिश्टेनस्टाइन यांनी रक्ताने भरलेल्या ‘अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट’चे वर्णन केले, तर 1956 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे ‘ऑस्टिओब्लास्टोमा’ ही संज्ञा रूढ केली. ही गाठ आकाराने मोठी असून अ‍ॅस्पिरिनला तितकीशी दाद देत नाही.

नावे मिळाली, तरी गाठ नेमकी सापडणे कठीणच होते, कारण ऑस्टिऑइड ऑस्टिओमा व ऑस्टिओब्लास्टोमा बहुधा मणक्याच्या मागील कमानीत असतात आणि साध्या क्ष-किरण चित्रात तेथे हाडांच्या छाया एकमेकींवर पडतात. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि पुढे या तंत्राने गाठीचा केंद्रबिंदू स्पष्ट दिसू लागला. एमआरआयने मज्जारज्जूवरील दाबही दाखवला. त्यामुळे अंदाजाने बरेच हाड काढण्याऐवजी मोजकेच काढता येऊ लागले, भरपूर रक्तपुरवठा असलेल्या गाठींच्या धमन्या शस्त्रक्रियेपूर्वी बंद करता येऊ लागल्या, आणि 1990च्या दशकापासून सुईवाटे रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याची पद्धत रुजली. मानेत मात्र मज्जारज्जू व नसा जवळ असल्याने ती फार निवडक रुग्णांतच वापरावी लागते. ‘जायंट सेल ट्यूमर’ या हाडाच्या आणखी एका सौम्य अर्बुदासाठी अमेरिकेत 2013 मध्ये डेनोसुमॅब या औषधास मान्यता मिळाली.

या वाटचालीत शस्त्राइतकीच दृष्टीही सूक्ष्म झाली. तथापि निदानाची सुरुवात आजही रुग्णाच्या तक्रारीपासूनच होते. म्हणून मुलाची मान आठवडेच्या आठवडे वाकडी राहत असेल आणि दुखण्याने त्याची झोप मोडत असेल, तर ‘उसण भरली’ असे म्हणून न थांबता अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.