आल्टूना : एका रेल्वेनगरीची जडणघडण

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील आल्टूना हे शहर एका रेल्वे कंपनीच्या गरजेतून जन्मास आले. ॲलेघेनी पर्वत ओलांडणाऱ्या मार्गावरील इंजिनांची देखभाल व्हावी, म्हणून पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १८४९ मध्ये ते वसविले. १८५४ मध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराचे प्रसिद्ध वळण वाहतुकीस खुले झाले. पुढे येथील कारखान्यांत हजारो वाफेची इंजिने तयार झाली.

तथापि, आल्टूनाचे खरे योगदान तेथील प्रयोगशाळेत शोधावे लागते. १८७५ मध्ये कंपनीने चार्ल्स डडली या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक केली. रूळ अकाली का झिजतात, हा प्रश्न त्यांनी पोलादाच्या रासायनिक घटनेशी जोडला आणि खरेदीपूर्वी मालाची कसोटी ठरविण्याचा आग्रह धरला. पोलाद उत्पादकांना हा हस्तक्षेप रुचला नाही, यात नवल नाही! पुढे साहित्यचाचणीची मानके ठरविणाऱ्या अमेरिकन संस्थेचे अध्यक्षपद डडली यांनी १९०२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०९ पर्यंत, भूषविले.

डिझेल इंजिने आली आणि वाफेच्या इंजिनांवर पोसलेला कामगारवर्ग अनावश्यक ठरत गेला. १९६८ च्या विलीनीकरणातून निर्माण झालेली पेन सेंट्रल कंपनी १९७० मध्येच दिवाळखोरीत गेली. १९३० च्या जनगणनेत ८२,०५४ असलेली आल्टूनाची लोकसंख्या २०२० मध्ये ४३,९६३ इतकीच उरली होती.