दिलेले पेटंट पुन्हा तपासायचे ते कसे?

‘हळदीचे पेटंट अमेरिकेने घेतले आणि आपण ते परत मिळवले’ असे वाक्य आपण वर्गात अनेकदा बोलतो. त्यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘सर, एकदा सरकारने दिलेला हक्क परत कसा काय घेता येतो?’ प्रश्न अगदी योग्य आहे. या लेखात त्याचेच उत्तर शोधू या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिकेने हळद ताब्यात घेतली नव्हती. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर 5401504 क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंट ज्या देशाचे, त्या देशापुरतेच चालते. त्यामुळे आपल्या आजीने बोटाला हळद लावली असती तर तिच्यावर कोणी खटला भरला नसता. तरीही प्रश्न गंभीर होता. जे ज्ञान घरोघरी आहे ते ‘नवे’ कसे ठरले?

पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, तज्ज्ञाला सहज सुचेल असा तो नसावा आणि त्याचा काही उपयोग असावा लागतो. अर्ज तपासणारा परीक्षक आधीचे कागद धुंडाळतो. त्याला जे सापडत नाही ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. शिवाय त्या काळच्या अमेरिकन कायद्यात एक मोठी मेख होती. परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात असणे पुरेसे नव्हते. ती छापील मजकुरात किंवा एखाद्या पेटंटात आलेली असावी लागे. हा फरक मार्च 2013 पासून तेथील कायद्याने काढून टाकला.

म्हणून आजीचा अनुभव पुरावा ठरत नव्हता. छापील पान हवे होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (तेव्हा तिचे महासंचालक होते गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर) असे 32 संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने मजकूर होते. काही तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे होते. भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील 1953 सालचा एक लेखही होता. 1996 मध्ये परिषदेने अमेरिकन पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला. 1997 मध्ये परीक्षकाने सर्व दावे नाकारले आणि 1998 मध्ये ते रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले.

ही फेरतपासणी आपल्या ओळखीचीच आहे. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीसारखीच ती. फरक इतकाच की हा अर्ज कोणीही करू शकतो. कार्यालय तीन महिन्यांत एकच गोष्ट ठरवते: या पुराव्यामुळे पेटंटच्या पात्रतेविषयी नवा आणि ठोस प्रश्न उभा राहतो का? राहत असेल तर तपासणी पुन्हा सुरू होते. मात्र पुरावा छापील मजकूर किंवा जुनी पेटंटे एवढाच चालतो.

आता उलट बाजू पाहू. समजा, चूक पेटंटधारकाच्याच लक्षात आली तर? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीने जखमेवरच्या मलमाचे पेटंट मिळवले. नंतर प्रयोगाच्या वहीत दोन प्रतिकूल निष्कर्ष सापडले. ते अर्जासोबत दिलेच गेले नव्हते. अमेरिकेत अर्जदारावर प्रामाणिकपणाचे बंधन असते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवली असे न्यायालयात सिद्ध झाले, तर एखादाच दावा जात नाही, संपूर्ण पेटंट निरुपयोगी होते.

यासाठी 2011 च्या कायद्याने एक वाट काढली व ती सप्टेंबर 2012 पासून खुली झाली. तिला आपण ‘पुरवणी तपासणी’ म्हणू. परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्याने आपणहून येऊन ‘सर, ही पुरवणी जोडायची राहिली, हीही तपासा’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

तिचे नियम असे. अर्ज फक्त पेटंटधारकच करू शकतो. एका अर्जात माहितीच्या जास्तीत जास्त 12 बाबी देता येतात. अधिक असतील तर वेगळा अर्ज करावा लागतो. माहिती छापीलच हवी असे नाही, प्रयोगाची आकडेवारीही चालते. कोणत्या दाव्यांची तपासणी हवी आणि प्रत्येक बाबीचा त्यांच्याशी काय संबंध, हे सविस्तर लिहावे लागते. एखादा कागद 50 पानांहून मोठा असेल तर त्यातील संबंधित भागाचा सारांश जोडावा लागतो. फेरतपासणीचे शुल्कही आधीच भरावे लागते. ती झाली नाही तर तेवढी रक्कम परत मिळते.

कार्यालय तीन महिन्यांत प्रमाणपत्र देते. नवा ठोस प्रश्न नसेल तर प्रकरण तिथेच संपते. असेल तर फेरतपासणीचा आदेश निघतो. त्यात दावे टिकतील, बदलतील किंवा रद्दही होतील. म्हणजे कबुली देण्यात जोखीम आहेच. पण जी माहिती अशी तपासली गेली, ती आधी दिली नव्हती एवढ्या कारणावरून पुढे पेटंट निरुपयोगी ठरवता येत नाही.

मग लबाडी करून नंतर पुरवणी जोडली की झाले का? नाही. प्रतिपक्षाने न्यायालयात तो आरोप तपशिलाने आधीच केला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. पेटंटधारकाला स्वतः खटला भरायचा असेल, तर ही सर्व तपासणी त्याआधी पूर्ण व्हावी लागते. मोठी फसवणूक उघड झाली, तर प्रकरण देशाच्या महान्यायवादींकडे जाते.

आपल्याकडे अशी पुरवणी तपासणी नाही. भारतीय कायद्यात पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्ती विरोध नोंदवू शकते. पारंपरिक ज्ञानाला तर आपल्या कायद्यात पेटंटच मिळत नाही. हळदीच्या अनुभवानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. जुन्या ग्रंथांतील माहिती त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत ठेवली आहे, म्हणजे परीक्षकाला ती वाचता येते.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक उपाय लिहून आणावा: कोणी सांगितला, कधी, प्रमाण किती, कशावर. मग ‘हे परीक्षकाला पुरावा म्हणून चालेल का?’ यावर चर्चा घ्यावी. आणि प्रयोगवहीत न जमलेला प्रयोग खोडून टाकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मलमाच्या कंपनीची गोष्ट जरूर सांगावी.