होल्कमचे दप्तर

इंग्लंडमधील कृषिक्रांतीचा इतिहास शिकताना नॉरफोक परगण्यातील टॉमस विल्यम कोक या बड्या जमीनदाराचे नाव हटकून भेटते. १७७६ साली होल्कमची जमीनदारी हाती येताच त्याने उजाड माळाचे सोने केले आणि खंडाचे उत्पन्न २,२०० पौंडांवरून २०,००० वर नेले, अशी ही कथा. पाठ्यपुस्तकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. आर. ए. सी. पार्कर यांनी मात्र होल्कमच्याच दप्तरातील जमाखर्चाच्या वह्या उलगडल्या आणि १९५५ साली ही कथा ढासळली. कोकच्या आधीच खंड कितीतरी वर चढलेला होता. सलगमाचे पीक, जमिनीत चुनखडीची माती मिसळणे, दीर्घ मुदतीचे पट्टे हे सारे पूर्वीच्या पिढीतच रुळलेले होते. पुढील चाळीस वर्षांत खंड सुमारे दुप्पट झाला खरा. पण त्यात फ्रान्सशी झालेल्या युद्धांच्या काळात भडकलेल्या धान्यभावांचाही हात होता. घराण्याच्या कीर्तीला त्याच्याच कारकुनांच्या वह्यांनी असे उघडे पाडावे, हे मोठे मौजेचे! या खंडवह्यांत कुळाचे नाव आहे, त्याच्याकडील येणे आहे. कुळाच्या शेतावर राबणारा मजूर तेथे सापडत नाही. त्याच्याकडून जमीनदाराला खंड यावयाचा नव्हता.