पूर्वसूरींची पुनर्भेट

जुन्या वीरांची कथा पुन्हा ऐकावी, त्यांना नव्या वेषात पुन्हा पाहावे, ही हौस सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळते. आपल्याकडे पोवाडा, दशावतार आणि कीर्तन यांनी ती पिढ्यानपिढ्या पुरविली. आज ते काम बव्हंशी चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्याकडे गेले आहे. जपानमध्ये तर अशी एक मालिका निघाली की, पूर्वीच्या वीरांची पुनर्भेट हाच तिचा सारा विषय होता. ती मुलांसाठी रचलेली असली, तरी तिने विचारलेला प्रश्न थोरांनीही मनावर घेण्याजोगा आहे : पूर्वजांचा वारसा हाती आला, म्हणजे त्यांचे सामर्थ्यही आपोआप अंगी येते काय?

हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर या खेड्यातील एका साधुपुरुषाने आपल्या परीने सोडविला होता, आणि त्याच्या उत्तरात मराठी अभंगाचाही वाटा आहे. म्हणून ही दोन उदाहरणे, एक अगदी नवे आणि एक जुने, येथे शेजारी शेजारी ठेवून पाहावयाची आहेत.

चौतीस दळांचा वारसा

जपानी चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून १९७५ साली ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ ही मालिका जन्मास आली. पाच रंगांचे पोशाख घातलेले पाच वीर एकजुटीने दुष्टांशी लढतात, असे तिचे साधे सूत्र होते. ते इतके लोकप्रिय झाले की, पुढे बहुधा दरवर्षी नव्या नावाचे, नव्या पोशाखाचे एक नवे दळ तोएई या चित्रसंस्थेने पडद्यावर आणले. ‘सेंताई’ म्हणजे लढवय्यांचे दळ. २०२५ साली या परंपरेस पन्नास वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडील मुलांना तिची ओळख झाली ती ‘पॉवर रेंजर्स’ या नावाने. जपानी मालिकांतील लढायांची दृश्ये घेऊन १९९३ पासून अमेरिकेत तयार झालेली ही आवृत्ती होय.

या मालिकांपैकी पस्तिसावी ‘काइझोकु सेंताई गोकाइजर’. १३ फेब्रुवारी २०११ रोजी ती सुरू झाली आणि ५१ भागांनंतर १९ फेब्रुवारी २०१२ रोजी संपली. ती सुरू होऊन महिना उलटण्यापूर्वीच, ११ मार्च रोजी, जपानवर भूकंप आणि समुद्राच्या महाकाय लाटा यांचे संकट कोसळले. त्या दुःखाच्या वर्षात जपानी मुले दर रविवारी सकाळी जी कथा पाहत होती, ती पूर्वीच्या सर्व रक्षणकर्त्यांनी आपले सामर्थ्य गमावल्याची होती.

कथा अशी : परग्रहावरील एका साम्राज्याने पृथ्वीवर स्वारी केली. तेव्हा आजवरची चौतीसही दळे एकत्र आली आणि त्यांनी आपली सारी शक्ती खर्ची घालून पृथ्वी वाचविली. ती शक्ती लहान लहान किल्ल्यांच्या रूपाने विश्वात विखुरली, आणि वीर सामान्य माणसे होऊन राहिले. पुढे काही तरुण पृथ्वीवर येतात ते वीर म्हणून नव्हे, तर अंतराळातील चाचे म्हणून. विश्वातील सर्वांत मोठा खजिना शोधणे एवढाच त्यांचा हेतू. जुन्या वीरांच्या किल्ल्या त्यांच्या पेटीत आहेत, पण त्या वीरांविषयी त्यांना ना माहिती, ना आदर.

किल्ली फिरविताच कोणत्याही जुन्या वीराचा पोशाख आणि शस्त्र त्यांना मिळते. पण प्रत्येक दळाची जी ‘महाशक्ती’, ती काही किल्लीने उघडत नाही. त्यासाठी त्या दळाच्या जुन्या वीराला शोधावे लागते. तो आता कोठे तरी आपल्या व्यवसायात रमलेला प्रौढ मनुष्य असतो. त्याला ज्या तत्त्वासाठी झुंजावे लागले, ते चाच्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले, म्हणजेच ती शक्ती त्यांची होते. या भेटींसाठी निर्मात्यांनी अनेक भागांत मूळचेच नट पुन्हा बोलाविले. ज्यांना बाप लहानपणी पाहत असे, त्यांना आता मुलगा पाहू लागला.

याच कथेत बास्को नावाचा एक प्रतिस्पर्धी आहे. तो जुन्या वीरांची समजूत घालीत बसत नाही, एक तुतारी फुंकून त्यांची शक्ती हिसकावून घेतो. उलट गाई नावाचा पृथ्वीवरचाच एक तरुण पुढे चाच्यांना येऊन मिळतो. जुन्या सर्व वीरांच्या हकीकती त्याला तोंडपाठ आहेत आणि त्यांच्यावर त्याची नितांत भक्ती आहे. वारसा मिळविण्याच्या तीन तऱ्हा लेखकांनी अशा समोरासमोर उभ्या केल्या आहेत : अजाणता हाती लागलेला, बळाने लुटलेला आणि प्रेमाने जोपासलेला.

शेवटी तो खजिना सापडतो. त्याच्या योगाने सारे विश्व नव्याने घडविता येईल, दुष्ट साम्राज्य जणू कधी नव्हतेच असे करता येईल, परंतु त्याची किंमत म्हणून चौतीसही दळांचे अस्तित्वच पुसले जाईल. चाचे तो खजिना नष्ट करतात. साम्राज्याशी ते स्वतःच्या बळावर लढतात, आणि लढाई जिंकल्यावर किल्ल्यांतील शक्ती जुन्या वीरांना परत करून निघून जातात. पूर्वजांना पुसून मिळणारे सुख आम्हांस नको, हा त्या कथेचा निर्णय आहे.

वाळूतून आलेला नाद

आता मरुदानल्लूरकडे वळू. दक्षिणेतील नामसंकीर्तनाच्या परंपरेत तीन गुरूंची नावे एकत्र घेतली जातात. पहिले, सतराव्या शतकातील कांची कामकोटी पीठाचे आचार्य बोधेंद्र सरस्वती. दुसरे, तिरुविशनल्लूरचे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ. तिसरे, त्यांच्यानंतर सुमारे शतकाने झालेले मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी. या तिसऱ्या गुरूंचा मठ मरुदानल्लूरला आहे.

बोधेंद्रांनी कुंभकोणमपासून जवळच असलेल्या गोविंदपुरम येथे समाधी घेतली. परंपरा सांगते की, पुढे कावेरीच्या पुरांनी ते स्थळ वाळूखाली गेले आणि समाधी नेमकी कोठे, हे कोणाला सांगता येईना. सद्गुरुस्वामींनी नदीच्या वाळवंटात अंग टाकले आणि वाळूला कान लावून ठिकठिकाणी ऐकत राहिले. एका जागी त्यांना खालून रामनामाचा ध्वनी आला. हीच गुरूंची समाधी, असा त्यांनी निर्णय दिला. तंजावरच्या मराठा राजाच्या साह्याने पाण्याचा ओघ वळवून तेथे अधिष्ठान बांधण्यात आले.

या कथेतील चमत्कार कोणी श्रद्धेने घेईल, कोणी रूपक म्हणून घेईल. पण पूर्वसूरींच्या भेटीची रीत तीत स्पष्ट सांगितली आहे. गुरूचे नाव ठाऊक असणे पुरेसे नाही. त्याच्यापर्यंत जाण्यासाठी जमिनीला कान लावावा लागतो, आणि त्याने जे ध्यासाने केले तेच ओळखीची खूण म्हणून ऐकावे लागते.

एका रात्रीत अनेक संत

सद्गुरुस्वामींचे दुसरे कार्य अधिक व्यापक ठरले. त्यांनी भजनाला एक निश्चित क्रम दिला. त्यासच दक्षिणेत ‘भजनपद्धती’ म्हणतात. आरंभी तोडयमंगलम्, नंतर गुरुध्यान, आणि मग एकामागून एक पूर्वसूरींची हजेरी : जयदेवांच्या संस्कृत अष्टपद्या, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू कीर्तने, पुरंदरदासांची कन्नड पदे, सदाशिव ब्रह्मेंद्रांची संस्कृत पदे, आपल्या संतांचे अभंग, उत्तरेकडील कबीर आणि मीरा यांची भजने. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली. त्यागराजांच्या ‘दिव्यनाम’ कृतींनाही त्यात मानाचे स्थान मिळाले. रात्री मध्यभागी समई ठेवून तिच्याभोवती फेर धरीत दिव्यनाम गातात, आणि शेवट आंजनेयाच्या उत्सवाने होतो.

या रचनेत एक मोठी सुजाणता आहे. प्रत्येक संत आपापल्या भाषेतच बोलतो, कोणालाही दुसऱ्याचा पोशाख चढविलेला नाही. आणि गाणाऱ्याचा पहिला नमस्कार जातो तो गुरूंना. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मिल्टन सिंगर यांनी मद्रास शहरातील राधाकृष्ण-भजनांचा जो अभ्यास केला, तो १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. खेड्यातील मठात घडलेली पद्धती महानगरातील घराघरांत कशी पोहोचली होती, हे त्यावरून दिसते.

मराठीचा वाटा

कावेरीकाठी मराठी अभंग कसा पोहोचला, याचे उत्तर इतिहासात आहे. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापिले, आणि भोसले घराण्याची सत्ता तेथे १८५५ पर्यंत टिकली. समर्थ रामदासांच्या शिष्यांनी तेथे मठ उभारले. सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. बडोद्याचे प्रख्यात दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली कुंभकोणमलाच एका मराठी घराण्यात झाला.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही पूर्वसूरींच्या पुनर्भेटीचे एक मोठे कार्य झाले होते. ताहराबादच्या महीपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यात ज्ञानदेव-नामदेवांच्या शेजारी जयदेव, कबीर, तुलसीदास आणि नरसी मेहता येऊन बसले. आपल्या आधी संतचरित्रे लिहिणाऱ्या नाभाजी व उद्धवचिद्घन यांचे ऋणही महीपतींनी मोकळेपणाने मान्य केले. भक्तविजयातील कथा पुढे तमिळ वाचकांच्याही घरी पोहोचल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर या कीर्तनकारांचे तंजावरास कीर्तन झाले. ते पाहून तेथील कृष्ण भागवतरांनी कर्नाटक संगीताच्या आधारे तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद आणि ‘निरूपण’ हा आपला शब्द त्या हरिकथेत स्थिरावले. वेष बदलला, पण आख्यानातला नायक तोच राहिला.

किल्ली आणि शक्ती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८५५ नंतर तंजावरची मराठी घराणी मद्रास, कोइमतूर, बंगलोर अशा ठिकाणी पांगली. अनेकांच्या घरची मराठी तमिळच्या सहवासाने वेगळी झाली, काहींच्या घरून ती नाहीशी झाली. अभंग गाणारे पुष्कळ भक्त तमिळभाषी आहेत आणि ते तमिळ लिपीतील पुस्तकावरून गातात. त्या लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे, म्हणून उच्चार गुरुमुखातूनच घ्यावा लागतो. मग हे गाणे म्हणजे नुसती किल्ली फिरविणे, असे कोणी म्हणावे काय?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला शब्द परका आहे, तो शब्दापाशी जपून जातो. तो गुरूला विचारतो, अर्थ समजून घेतो, ताल चुकू देत नाही. अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत अभंगाला प्रतिष्ठेचे स्थान दिले, त्यामागे भजनाचीच ही शिस्त आहे. खरी काळजी आहे ती आपल्या घरांची. आपल्याला भाषा आयती मिळाली, पुस्तके मिळाली, ध्वनिमुद्रिका मिळाल्या. पेटी किल्ल्यांनी भरलेली आहे. पण मुलाने म्हटलेला अभंग कोणाचा, तो संत कोठला, त्याने काय सोसले आणि कशासाठी सोसले, हे सांगावयास घरात कोणी बसते काय?

मुले जपानी वीरांच्या कथा आवडीने पाहतात, यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. त्याच कथेने त्यांना शिकविले आहे की, जुना वीर शोधावा लागतो, त्याच्याशी बोलावे लागते, आणि त्याचे मोल कळल्यावाचून त्याची शक्ती लाभत नाही. एवढी समज ज्या मुलाला आली, त्याला मरुदानल्लूरच्या साधूची वाळवंटातील कथा सांगून पाहावी. ती कळावयास त्याला उशीर लागणार नाही, आणि नामदेव कोण, तुकाराम कोण, हा प्रश्न तो आपण होऊन विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आईवडिलांजवळ तयार असले पाहिजे.